पॉवर्ड स्पीकर चालूच होत नाही: तिसरा फ्यूज घालण्याआधी हे बघा

प्रश्न थोडक्यात असा. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका गावच्या देवळात पंधरा इंची पॉवर्ड स्पीकरची (आतच अँप्लिफायर असलेल्या) जोडी आहे. सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनात करंट गेला, जनरेटर लावला, पुन्हा करंट आला, आणि या अदलाबदलीत एक स्पीकर गप्प झाला. लाइट नाही, पंखा नाही, काहीच नाही. दुसरा चालू आहे. वायर बदलून बघितली. फ्यूज जळला होता म्हणून नवा घातला, तो बटण दाबताक्षणी गेला. दुरुस्तीवाला म्हणतो, अख्खं मॉड्यूल, म्हणजे मागच्या प्लेटवरचा अँप्लिफायर आणि पॉवर सप्लायचा संच बदला. बदलावं का?

लगेच नको. नवा फ्यूज क्षणात गेला, ही तुम्ही दिलेली सगळ्यात मोलाची माहिती आहे. याचा अर्थ बिघाड बहुधा मेनच्या बाजूला, म्हणजे एसएमपीएसच्या (सॉकेटच्या करंटपासून आतल्या सर्किटला लागणारं डीसी बनवणाऱ्या पॉवर सप्लायच्या) पहिल्या अर्ध्या भागात आहे, आणि तिथे संशयित मोजकेच असतात: एमओव्ही (जादा व्होल्टेजचा झटका झेलणारी चकती), ब्रिज रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारे चार डायोड), मुख्य मॉसफेट (वेगाने चालू-बंद होणारा ट्रान्झिस्टर). क्वचित फिल्टरचा कपॅसिटर. यातला पहिला गेला असेल तर काम अगदी किरकोळ आहे. तिसरा असेल तर थोडं मोठं, पण बोर्ड भाजला नसेल तर तेही दुरुस्त होतं. तो डीएसपी (आवाजाची जुळणी करणारी चिप), तो अँप्लिफायर, तो इनपुट बोर्ड या सगळ्याला कदाचित ओरखडाही आला नसेल.

पण एक प्रश्न तुम्हीच स्वतःला विचारा: दोन्ही स्पीकर विजेच्या एकाच बोर्डावर होते, की मांडवाच्या दोन टोकांना दोन वेगळ्या फेजवर? वेगळ्या फेजवर असतील तर माझा पहिला संशय स्पीकरवर नाही, न्यूट्रलवर आहे. त्याबद्दल खाली सविस्तर येईल, कारण ते न बघता नवीन मॉड्यूल बसवलं तर पुढच्या सप्ताहात तेही जाईल.

आधी "चालू होत नाही" म्हणजे नेमकं काय, ते ठरवा

या शब्दांखाली पाच-सहा वेगळे आजार येतात आणि प्रत्येकाची वाट वेगळी. पूर्ण मेलेला स्पीकर, ज्यात लाइट, पंखा, "धप्प" असा आवाज काहीच नाही, त्यात मेन वायर, फ्यूज, बटण किंवा एसएमपीएस. लाइट लुकलुकतो आणि आतून घड्याळासारखं टिक-टिक ऐकू येतं, तेव्हा एसएमपीएस जिवंत आहे, पण सुरू होऊन लगेच माघार घेतोय. एक तर पुढे कुठे तरी शॉर्ट आहे, नाही तर त्याचा स्वतःचा छोटा कपॅसिटर सुकलाय. लाइट लागतो पण आवाज नाही, हा पॉवरचा बिघाडच नाही. लावताक्षणी एमसीबी पडते, हा पुन्हा वेगळा विषय. आणि "चार वेळा बटण चालू-बंद केल्यावर लागतो, एकदा लागला की दिवसभर चालतो" हे वर्णन आलं की ऐकतानाच कळतं, सुरुवात करून देणारा कपॅसिटर वाळलाय.

लाइट नसणं म्हणजे स्पीकर बंद असणं, असंही धरून चालू नका. डीएसपीवाल्या काही स्पीकरांत पुढचा लाइट मेनूमधून बंद करता येतो, कुणी तरी खेळता खेळता तो बंद केलेला असतो. काही स्टुडिओ मॉनिटर सिग्नल नसला की ठरावीक वेळाने स्वतःहून झोपतात. अशा स्पीकरला माइक लावून जरा मोठ्याने बोला. उठला तर दुरुस्ती करायची गरज नाही, मागे ऑटो स्टँडबायचं बटण असेल ते बंद करा.

बोर्ड, वायर, बटण

टेस्टर पेटला म्हणजे करंट आहे, हा समज खोटा आहे. न्यूट्रल तुटलेला असला तरी टेस्टरमधला निऑन पेटतो. त्याच सॉकेटला इस्त्री किंवा १०० वॅटचा पिवळा बल्ब लावा, नाही तर मल्टिमीटरने मोजा. मीटर एसीवर, रेंज ६०० किंवा ७५० व्होल्ट. फेज ते न्यूट्रल २३०च्या आसपास, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट. शेवटचा आकडा दहा-वीस व्होल्ट दिसला, किंवा फेज-अर्थ आणि फेज-न्यूट्रल यांत मोठा फरक दिसला, तर स्पीकर बाजूला ठेवून आधी वायरमनला बोलवा.

गावाच्या टोकाला, ट्रान्सफॉर्मरपासून लांब, शिवारातल्या मोटारी चालू असताना व्होल्टेज १६०-१७०वर उतरलेलं असतं. १०० ते २४० व्होल्ट असं लिहिलेला स्पीकर तेवढ्यावर चालतो. फक्त २३० लिहिलेला असेल तर तो कदाचित सुरूच होणार नाही, आणि रात्री मोटारी बंद झाल्यावर आपोआप लागेल. असा स्पीकर बिचारा निर्दोष असतो.

मागे ११५/२३० असा छोटा सरकता स्विच असेल तर त्याच्याकडे एकदा बघाच. तो २३०वर हवा. ११५वर असताना आपला करंट दिला तर आतले मुख्य कपॅसिटर फुगतात, एमओव्ही फुटतो, फ्यूज जातो. अमेरिकेतल्या नातेवाईकाने आणलेल्या स्पीकरवर १२० व्होल्ट एवढंच लिहिलेलं असेल, तर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरशिवाय तो सॉकेटला लावायचाच नाही.

वायर बहुतेक वेळा दोनच ठिकाणी तुटते: प्लगच्या मानेपाशी आणि स्पीकरकडच्या सी१३ टोकाच्या (कंप्युटरच्या वायरीला असतं तसल्या तीन भोकांच्या टोकाच्या) मानेपाशी. नुसतं कंटिन्युइटी बघून भागत नाही. मीटर ओमवर ठेवून वायर दोन्ही मानांपाशी वाकवत राहा, आकडा एक ओमच्या आत स्थिर राहिला पाहिजे. सी१३ची भोकं सैल झाली असतील तर बेसच्या थरथरीने ती हळूहळू बाहेर सरकते आणि ठिणगी पडून आतली पिन काळी होते. काळी झालेली पिन घासून चकचकीत करण्यात अर्थ नाही. तिचा ताण गेलेला असतो, त्यामुळे वायर आणि सॉकेट दोन्ही बदला.

एक्स्टेंशनबद्दल एक हिशेब. ०.७५ चौरस मिमीच्या तांब्याच्या लवचीक वायरीचा रोध किलोमीटरला २६ ओम असतो. ५० मीटर लांब बोर्ड म्हणजे जाऊन-येऊन १०० मीटर, २.६ ओम. पाच अँपिअर ओढले की १३ व्होल्ट वायरीतच गेले. १.५ चौरस मिमी घेतली तर हेच नुकसान जवळजवळ निम्मं होतं. मांडवातल्या लांब बोर्डाला त्यापेक्षा बारीक वायर वापरू नका, आणि ड्रमवर गुंडाळलेली वायर पूर्ण उलगडा, नाही तर ती तापते.

फ्यूज वाचायचा असतो

सॉकेटच्या खाली किंवा शेजारी छोटा खण असतो, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने तो बाहेर येतो. वायर सॉकेटमधून काढल्याशिवाय तो उघडत नाही, ही मुद्दाम केलेली सोय आहे. खणात कित्येकदा एक जादा फ्यूजही असतो, तो कुठला आणि जळलेला कुठला हे मीटरने ठरवा. पांढऱ्या सिरॅमिकच्या फ्यूजमध्ये डोळ्यांना काही दिसत नाही.

काचेचा असेल तर काच बघा. तार मधोमध तुटलेली आणि काच स्वच्छ, तर फ्यूज म्हातारा झाला असेल किंवा थोडा जास्त लोड आला असेल. एक नवा फ्यूज घालून बघायला हरकत नाही. काच काळी किंवा आतून चांदी फासल्यासारखी झाली असेल, तर पुढे सरळ शॉर्ट आहे. तिथे दुसरा फ्यूज घालणं म्हणजे पैसे जाळणं, आणि कधी कधी उरलेला एखादा भागही जाळणं. तुमच्या पहिल्या फ्यूजची काच कशी होती ते लिहिलेलं नाही. जपून ठेवला असेल तर बघा.

फ्यूजच्या धातूच्या टोकावर कोरलेला आकडा आणि अक्षर दोन्ही जुळायला हवीत. अक्षर टी असेल तर तो हळू जळणारा, एफ असेल तर झटपट जळणारा. पॉवर्ड स्पीकरमध्ये बहुधा टी असतो, कारण बटण दाबताक्षणी मुख्य कपॅसिटर भरताना मोठा झटका बसतो. तिथे त्याच अँपिअरचा एफ घातला तर चांगल्या स्पीकरमध्येही तो जाईल आणि तुम्ही उगाच बिघाड शोधत बसाल. मॉड्यूलच्या मागे अँपिअर छापलेले असतात, तेवढेच घ्या. ३.१५च्या जागी १० घालणं, किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, हा प्रकार आपल्याकडे अजून चालतो. त्याने स्पीकर लागला तरी पुढचा शॉर्ट बोर्डावरचे ट्रॅक उडवतो, आणि मग दुरुस्त होण्यासारखा बोर्ड खरंच भंगारात जातो.

सीरिज बल्ब

यापुढचं काम फ्यूज जाळत करायचं नाही. लाकडी फळीवर एक होल्डर, एक सॉकेट, फेजमध्ये बल्ब सीरिजला. १०० वॅटचा तारेचा पिवळा बल्बच हवा, एलईडी चालणार नाही. थंड असताना त्या बल्बचा रोध साधारण चाळीस ओम, पूर्ण पेटल्यावर पाचशेच्या वर. त्यामुळे पुढे शॉर्ट असला तर बल्ब सगळा ताण स्वतःवर घेतो आणि स्पीकर वाचतो.

योग्य फ्यूज घालून स्पीकर या बोर्डावर लावा. बल्ब एकदा चमकून मंद झाला किंवा विझला, तर मुख्य कपॅसिटर भरला आणि शॉर्ट नाही. भरघोस पेटून राहिला, तर मेनच्या बाजूला शॉर्ट. तुमच्या स्पीकरचं हेच होईल असं दिसतं. अजिबात पेटला नाही, तर कुठे तरी मार्ग तुटलाय: बटण, फ्यूज, एनटीसी (ही चकती खाली येईल). थांबून थांबून पेटत राहिला, तर एसएमपीएस सुरू व्हायचा प्रयत्न करतोय. या शेवटच्या खुणेवर मात्र घाईने विश्वास ठेवू नका. हजार वॅटच्या वर्गातले स्पीकर १०० वॅटच्या बल्बमागे व्होल्टेज पुरेसं न मिळाल्यानेही असे फडफडतात. दोन बल्ब पॅरलल लावून २०० वॅट करा आणि पुन्हा बघा. अजून चांगलं, जोडीतला चालू स्पीकर त्याच बोर्डावर लावून बल्ब कसा वागतो ते आधी बघून ठेवा.

तो चालू स्पीकर म्हणजे तुमच्याकडचं सगळ्यात भारी मोजमाप आहे. सर्किटचा नकाशा नसला तरी जुळा भाऊ समोर आहे. फक्त संशयित भाग काढून त्याच्यात लावून बघायचे नाहीत, नाही तर दोन मेलेले स्पीकर हातात येतील.

उघडताना

वॉरंटी चालू असेल तर सील तोडू नका, विषय तिथेच संपतो. नसेल तर मागच्या प्लेटचे स्क्रू काढा. लांबी वेगवेगळी असते, काढलेला स्क्रू कुठल्या भोकाचा ते कागदावर टोचून ठेवा. प्लेट एकदम ओढू नका, आत वूफर आणि ट्वीटरच्या वायरी ताणलेल्या असतात. त्यांचा मोबाइलवर फोटो घ्या, मग टोकं सोडवा. कडेची फोमची पट्टी फाटली तर नवी लावावी लागते, कारण हवा गळाली की बेस कमी होतो आणि शिट्टीसारखा आवाज येतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. मुख्य कपॅसिटरमध्ये सव्वातीनशे व्होल्ट डीसी असतं (२३० गुणिले १.४१४). चालू स्पीकर बंद केला की तो कपॅसिटर काही सेकंदांत स्वतःच रिकामा होतो, कारण पुढचं सर्किट करंट खातं. मेलेल्या एसएमपीएसमध्ये ते खाणारं कुणी नसतं, त्यामुळे प्लग काढून तासभर झाला तरी तो भरलेला सापडू शकतो. म्हणजे बिघडलेला स्पीकर चांगल्यापेक्षा जास्त धोक्याचा. २.२ किलोओम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड वायरींना जोडून कपॅसिटरच्या दोन टोकांवर दहा सेकंद धरा, मग मीटर डीसीवर ठेवून मोजा. दहा व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट लावायचं नाही. दोन कपॅसिटर सीरिजला असतील तर दोन्ही मोजा. स्क्रू ड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी काढणं म्हणजे कामगिरी नाही, त्याने ट्रॅक उडतो आणि डोळ्यात कण जातो.

मीटर कसा धरायचा याची खात्री नसेल, तर इथून पुढचं वाचून दुरुस्तीवाल्याशी नीट बोलण्यापुरतं वापरा. हात आत घालू नका.

मोजणी, त्याच क्रमाने

वीज काढलेली, कपॅसिटर रिकामे, बटण चालू स्थितीत. सॉकेटच्या फेज आणि न्यूट्रल पिनांवर ओम बघा. शून्याजवळ असेल तर शॉर्ट नक्की. फ्यूजच्या लगेच पुढे निळी किंवा काळसर गोल चकती असते, तो एमओव्ही. तडा, काळा डाग, जळका वास असेल तर गेला. वरून चांगला दिसत असला तरी एक पाय सोल्डर काढून मोकळा करा. शॉर्ट गेला, तर गुन्हेगार सापडला. चकतीवर १४डी४३१ किंवा १४डी४७१ असा आकडा असतो. ४३१चा एमओव्ही २७५ व्होल्ट एसीपर्यंतचा, ४७१चा ३००पर्यंतचा. जो होता तोच लावा. एमओव्ही न लावताही स्पीकर चालतो, म्हणून काही जण तो काढून टाकून परत देतात. पुढच्या झटक्याला मग थेट मॉसफेट जातो.

एमओव्ही चांगला असेल तर ब्रिज. मीटर डायोडच्या खुणेवर, प्रत्येक डायोड एका बाजूने ०.४ ते ०.६ व्होल्ट, उलट बाजूने काही नाही. ०.००१ वगैरे दिसलं तर शॉर्ट. पण ब्रिज एकटा क्वचित मरतो. बहुधा पुढच्या मॉसफेटने त्याला सोबत नेलेलं असतं, म्हणून ब्रिज बदलून थांबू नका.

हीटसिंकवरचे (उष्णता सोडणाऱ्या धातूच्या पट्टीवरचे) मुख्य मॉसफेट: त्याचे तीन पाय म्हणजे गेट, ड्रेन आणि सोर्स. ड्रेन ते सोर्स दोन्ही बाजूंनी शून्य म्हणजे गेला. एक गेला तरी जोडीने बदला. आणि मॉसफेट जाताना एकटा जात नाही. त्याच्या गेटचा छोटा रेझिस्टर, सोर्सजवळचा अर्ध्या ओमच्या आतला करंट मोजणारा रेझिस्टर, आणि त्याला चालवणारा आयसी हे तिघेही तपासलेच पाहिजेत. दुरुस्त करून दिलेला एसएमपीएस दुसऱ्या दिवशी "फटाक" करून गेला, अशा तक्रारींत फार वेळा नुसते मॉसफेट बदललेले असतात आणि गेटचा रेझिस्टर तुटकाच राहिलेला असतो. बनावट मॉसफेट हेही कारण असतं. वर नंबर बरोबर, आतली चिप चिमुकली. अशा मालाची किंमतच सांगते की तो काय आहे.

शॉर्ट नाही, बल्ब चमकून विझतो, तरी स्पीकर मेलेलाच. मग वीज देऊन, एक हात पाठीमागे ठेवून, मुख्य कपॅसिटरवर डीसी बघा. या बाजूला कुठेही अर्थ समजून हात टेकवू नका, ती सगळी थेट मेनला जोडलेली असते. शून्य असेल तर वाटेतलं काही तरी तुटलंय: बटणाचे जळलेले काँटॅक्ट किंवा एनटीसी. एनटीसी ही काळसर-हिरवी चकती सुरुवातीचा झटका रोखते. थंड असताना काही ओम दाखवते, तडकली की काहीच दाखवत नाही. ती तापलेली असताना झटका रोखत नाही, म्हणूनच स्पीकर बंद केल्यावर अर्धा मिनिट थांबून मगच चालू करायचा. करंट दोन-तीनदा येतो-जातो तेव्हा नेमकं हेच घडतं. तुमचे दोन्ही स्पीकर एकाच बोर्डावर असतील, तर माझा संशय या झटक्याकडे वळतो.

कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्ट आहे, पण पुढे काही नाही, तर सुरुवात करून देणारं सर्किट बघा. सव्वातीनशे व्होल्टवरून आयसीला थोडा करंट देणारे शंभर-दोनशे किलोओमचे रेझिस्टर काही वर्षांनी तुटतात. त्यांच्या शेजारचा २२ ते १०० मायक्रोफॅरडचा छोटा कपॅसिटर गरमीने वाळतो. यूसी३८४२ जातीचा आयसी १६ व्होल्टला जागा होतो आणि १०च्या खाली गेला की झोपतो. यूसी३८४३चे आकडे ८.४ आणि ७.६. वाळलेला कपॅसिटर त्याला टिकवून धरत नाही, म्हणून तो जागा होतो, झोपतो, पुन्हा जागा होतो, तीच टिक-टिक. १०५ अंशांचा नवा कपॅसिटर, तेवढ्याच किंवा थोड्या जास्त व्होल्टचा, आणि काम झालं.

टिक-टिक तरीही थांबली नाही तर दुय्यम, म्हणजे अँप्लिफायरकडच्या बाजूचा डायोड किंवा अँप्लिफायरचे आउटपुट मॉसफेट शॉर्ट आहेत. एसएमपीएस आणि अँप्लिफायर यांमधला कनेक्टर काढून सीरिज बल्बवर लावा. टिक-टिक थांबून व्होल्टेज स्थिर आलं तर आजार अँप्लिफायरमध्ये. मात्र काही एसएमपीएस अँप्लिफायरकडून इशारा आल्याशिवाय चालूच होत नाहीत. तसं असेल तर वीज काढून, कपॅसिटर रिकामे करून, दोन्ही स्पीकरच्या कनेक्टरचे ओम पिनेगणिक मोजून कागदावर समोरासमोर लिहा. जिथे आकडे फाटतात तिथे शोधा. त्याच वेळी वूफरही मोजून घ्या: आठ ओमचा असेल तर मीटरवर साडेपाच ते सातच्या दरम्यान. शून्य किंवा काहीच नाही असं आलं, तर नवा अँप्लिफायर त्याला जोडू नका.

ट्रॉली स्पीकर असेल तर

चाकांचा, बॅटरीचा स्पीकर बंद पडला तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पहिला संशय १२ व्होल्टच्या बॅटरीवर. यात्रा झाली, कोपऱ्यात ठेवला, चार महिन्यांनी काढला, अशा वेळी लेड बॅटरी मेलेली असते. चार्जर काढून मोजा. विश्रांतीत १२.५च्या वर हवं. साडेदहाच्या खाली जाऊन बरेच दिवस झाले असतील तर ती परत उठत नाही. काही स्पीकर चार्जर लावलेला असला तरी मेलेल्या बॅटरीवर सुरू होत नाहीत, म्हणून बोर्ड गेला असं वाटतं. न वापरताही महिन्यातून एकदा चार्ज करा.

गुलाल, ओल आणि पाली

बेळगावची शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक असो की गणपतीची विसर्जन मिरवणूक, पंखा असलेला स्पीकर रात्रभर गुलाल आत ओढत असतो. यात्रांतल्या भंडाऱ्याचंही तेच. कोरडा असेपर्यंत तो फक्त हवा अडवतो, तापवतो. जून-जुलैत जांबोटी-खानापूरकडच्या ओलसर हवेत तोच थर ओल धरतो आणि सव्वातीनशे व्होल्टच्या दोन ट्रॅकमध्ये करंट वाहायला वाट करून देतो. गोदामात बसवलेल्या स्पीकरमध्ये पाल किंवा झुरळ मॉसफेटच्या पायांवर आडवं सापडणं हेही नेहमीचंच. कपॅसिटर धरून ठेवायला कारखान्यात लावलेला पिवळट डिंक जुना होऊन तपकिरी झाला असेल तर तोही खरवडून काढा, त्यातून करंट वाहतो आणि तो पाय गंजवतो.

सफाई ब्लोअर, मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने. पेट्रोल नको. भिजलेला स्पीकर "लागतो का बघू" म्हणून लावू नका. उघडून, पंख्याच्या वाऱ्यात दोन दिवस वाळवून, मगच सीरिज बल्बवर. भिजल्याने मरणाऱ्यांपेक्षा भिजल्यावर लगेच बटण दाबल्याने मरणारे जास्त.

न्यूट्रल

आता मांडवातल्या त्या अदलाबदलीकडे. थ्री फेज जोडणीत न्यूट्रल सैल झाला की दोन फेजवरचे लोड एकमेकांना सीरिजला लागतात आणि दोघांत मिळून ४०० व्होल्ट वाटलं जातं. वाटणी उलटी असते: जास्त लोड असलेल्या बाजूला कमी व्होल्टेज, हलक्या बाजूला जास्त. एका फेजवर २००० वॅटचे हॅलोजन आणि दुसऱ्यावर २०० वॅट खाणारा स्पीकर धरला, तर स्पीकरला सुमारे ३६० व्होल्ट मिळतात. आतल्या कपॅसिटरवर पाचशेच्या वर डीसी, आणि त्याच्यावर लिहिलेलं असतं ४०० किंवा ४५०. हॅलोजन मंद झाले आणि ट्यूबलाइट लखलखली, असं त्या वेळी कुणाच्या लक्षात आलं असेल तर निदान तिथेच झालं.

चेंजओव्हर स्विचचं (करंट आणि जनरेटर यांची अदलाबदल करणाऱ्या स्विचचं) न्यूट्रलचं टोक, जनरेटरकडचा न्यूट्रलचा नट, आणि मांडवाच्या बोर्डातला न्यूट्रल लिंक, हे तिन्ही वायरमनकडून उघडून घट्ट करून घ्या. नुसती पिळून टेप मारलेली जोडणी न्यूट्रलला चालवून घ्यायची नाही. सॉकेटवर हेस्कॉमचा (वीज कंपनीचा) करंट असताना आणि जनरेटरवर असताना, दोन्ही वेळी, हॅलोजन लावून आणि काढून मोजा. आकडा २५०च्या वर उडी मारतो का बघा.

स्पाइक गार्डवाला बोर्ड याला उपाय नाही. त्यातही एमओव्हीच असतो. क्षणभराचा झटका तो झेलतो, दहा सेकंद टिकलेल्या ३६० व्होल्टला तोच जळतो. हवा असतो व्होल्टेज वर-खाली गेल्यावर तोडणारा आणि परत आल्यावर दोन-तीन मिनिटं थांबून जोडणारा कटऑफ. देवळाच्या स्पीकरच्या लाइनवर तो एक बसवा. जनरेटर सुरू केल्यावर तो स्थिर होईपर्यंत स्पीकर बंद ठेवा आणि जनरेटर बंद करण्याआधी स्पीकर बंद करा. सगळे स्पीकर एकदम चालू केल्याने एमसीबी पडत असेल तर दोन-तीन सेकंदांच्या अंतराने लावा, आणि एमसीबी बी जातीची असेल तर वायरीला झेपेल एवढ्याच अँपिअरची सी जातीची, म्हणजे सुरुवातीचा झटका जास्त सोसणारी घाला. गुणगुण येते म्हणून प्लगची अर्थ पिन कापली असेल तर ती आजच परत लावा. अर्थ नसलेल्या अशा स्पीकरच्या धातूला मेनच्या जवळजवळ निम्मं व्होल्टेज येतं. ओल्या पायाने उभ्या माणसाला झिणझिण्या येतात त्या त्याच्याच.

मॉड्यूल की दुरुस्ती

दुरुस्तीवाल्याला एवढंच विचारा: एमओव्ही, ब्रिज, मॉसफेट यांतलं काय शॉर्ट आहे? मोजून सांगितलं तर तो माणूस काम जाणतो, त्याचं ऐका. न मोजताच मॉड्यूल म्हणत असेल तर प्लेट बसच्या पार्सलने कोल्हापूर किंवा हुबळीला, एसएमपीएस सुट्या भागांपासून दुरुस्त करणाऱ्याकडे पाठवा. अख्खा स्पीकर पाठवायची गरज नसते. मात्र बोर्ड कोळसा होऊन भोक पडलं असेल, किंवा मॉसफेटबरोबर सगळे बारीक सरफेस माउंट भाग उडाले असतील, तर मॉड्यूलच बरं. तिथे हट्ट करू नका. एसएमपीएसचा बोर्ड वेगळा मिळत असेल तर तेवढाच घ्या.

परत आल्यावर पहिल्यांदा सीरिज बल्बवर, वूफर न जोडता. बल्ब विझला की आउटपुटवर डीसी मोजा, शंभर मिलिव्होल्टच्या आत हवं. ब्रिज पद्धतीच्या आउटपुटला (वूफरची दोन्ही टोकं अँप्लिफायर चालवतो, एकही चॅसिसला नसतं) हे मोजमाप वूफरच्या दोन टोकांमध्येच घ्या, चॅसिसला नाही. मग वूफर जोडा, थेट मेनवर अर्धा तास हळू आवाजात, नंतर अर्धा तास मोठ्याने. हीटसिंक हात ठेवता येईल इतपतच गरम व्हायला हवं. हे सगळं घरच्या सॉकेटवर करा. देवळातला न्यूट्रल घट्ट होईपर्यंत चालू असलेला दुसरा स्पीकरही तिथे लावू नका.